सातिवलीचा दवाखाना आणि पितळी बिल्ला

डॉक्टर झाले तेव्हा मला वाटलं होतं, वसई गावात पाटी लावून बाहेर एक बाक टाकला की त्या बाकावर पेशंट येऊन बसतील. पाटी लावली, बाकही घेतला. बाकावर माणसं बसायचीसुद्धा, पण एसटीची वाट बघायला, कारण थांबा समोरच होता. आमच्या आळीतल्या बायकांनी मला फ्रॉकमध्ये चिंचा पाडताना बघितलेलं. खोकला झाला की त्या जुन्या डॉक्टरांकडे जायच्या आणि परत येताना माझ्या दारात डोकावून, "कसं चाललंय गं?" असं मायेनं विचारायच्या. चालत काहीच नव्हतं. मी दुपारभर पेपर वाचायचे आणि स्टेथोस्कोप पुसून ठेवायचे.

चर्चच्या गायनमंडळात माझ्याबरोबर एक शिक्षक गायचे. त्यांनी एका रविवारी मला सांगितलं की सातिवलीला त्यांच्या ओळखीच्या एका कारखानदाराला डॉक्टर हवाय, आठवड्यातून दोन दुपारी. मी मंगळवारीच जाऊन धडकले. वसईहून बसनं स्टेशन, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून सहा माणसं कोंबलेल्या रिक्षानं सातिवली. गाळ्यांच्या रांगेत दोन गाळे एकत्र करून केलेला तो कारखाना होता. तिथे घरातले विजेचे स्विच आणि प्लग बनायचे. पुढच्या भागात चाळीस बायका लांब टेबलांवर बसून स्प्रिंग, पट्टी, स्क्रू बसवायच्या. मागे पितळी पट्ट्या कापणाऱ्या प्रेसच्या मशीनवर पंधराएक पुरुष.

मालकांना सगळे साहेब म्हणायचे. पन्नाशीचे, इंजिनियर. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढून मग कर्ज काढून त्यांनी हे उभं केलं होतं. त्यांनी मला माझे मार्क विचारले नाहीत. टेबलावर हजेरीचं पुस्तक उघडं ठेवलं आणि म्हणाले, "आमच्या जुन्या कंपनीत दवाखाना होता, नर्स होती, वर्षातून एकदा प्रत्येकाची तपासणी व्हायची. तिथे माणसं रजा घेत नव्हती. इथे रोज सात-आठ जण गायब. लाइनवर एक जागा रिकामी राहिली की तिच्या पुढच्या तिघी नुसत्या बसून राहतात. हे मला परवडत नाही. त्यापेक्षा डॉक्टर परवडेल, असा माझा अंदाज आहे."

"आणि अंदाज चुकला तर?" मी विचारलं.

"तर सहा महिन्यांनी आपण चहा पिऊन एकमेकांचा निरोप घेऊ."

मला ते आवडलं. माणूस दयाधर्माच्या गोष्टी करत नव्हता. त्याला माणसं धडधाकट हवी होती, कारण धडधाकट माणसं कामावर येतात. मी हो म्हटलं. घरी परतताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की माझी नोकरी आता दुसऱ्या पंचावन्न माणसांच्या हजेरीवर अवलंबून आहे.

मंगळवार आणि शनिवार, दुपारी दोन ते पाच. मला दिलेली खोली प्रेसखात्याच्या अलीकडे होती. लहानशी, लांबट, खिडकी फार उंच. पण भिंतींना खांद्याएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स होत्या. मी साहेबांना म्हटलं, "दवाखान्यासाठी टाइल्स लावल्यात, हे फार चांगलं केलंत." साहेबांनी घसा खाकरला आणि पंखा नीट चालतो का ते बघायला लागले.

पहिल्या दिवशी बाहेर रांग लागली. मला भरून आलं. सगळे पुरुष होते आणि सगळ्यांना अशक्तपणा होता. "मॅडम, ती ताकदीची बाटली असते ना, नारिंगी रंगाची, ती द्या." एकजण दर वेळी यायचा. पहिल्या आठवड्यात त्याचा खांदा दुखत होता, दुसऱ्या आठवड्यात ते दुखणं कोपरात उतरलं, महिनाअखेर ते गुडघ्याशी पोचलं. साहेबांनी औषधांसाठी दिलेले पैसे बाटल्यांमध्ये संपत होते. बायका मात्र बोट कापलं तरच यायच्या. पट्टी बांधून घेतली की उठायच्या. "आणखी काही त्रास?" म्हटलं की मान हलवायच्या आणि जायच्या. मला वाटलं, मी नवी आहे, लाजत असतील.

तिसऱ्या महिन्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "डॉक्टर, एक गंमत झालीय. गैरहजेरी होती तेवढीच आहे. फरक एवढाच की मंगळवारी आणि शनिवारी सगळे पुरुष हजर असतात, आणि दुपारभर तुमच्या दारात उभे असतात." ते हसले. मीही हसले. त्यांचं हसू माझ्याआधी थांबलं.

मी हजेरीचं पुस्तक मागून घेतलं आणि खोलीत जाऊन नीट बघत बसले. पुरुषांच्या रजा विखुरलेल्या होत्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशी जरा जास्त. बायकांच्या रजा वेगळ्या दिसत होत्या. एकेकीच्या नावापुढे सलग दोन-तीन दिवसांच्या फुल्या, मग दोन महिने काही नाही, मग पुन्हा तीन फुल्या. ही कामचुकार माणसाची रजा नव्हे. हे आजारपण होतं, आणि तेच ते आजारपण पुन्हा पुन्हा येत होतं. कसलं, ते मला कुणी सांगत नव्हतं.

ते मला कळलं एका बाईमुळे. ती खाडीकडच्या मिठागराच्या गावातून यायची. तिशीची असेल. सगळ्या लाइनवर तिच्याइतका हात कुणाचा चालत नसे. बोलत बोलत ती स्प्रिंग बसवायची, आणि बघणाऱ्याला स्प्रिंग दिसायचीच नाही. एका शनिवारी तिला दोघींनी धरून माझ्याकडे आणलं. ताप, हुडहुडी आणि ओटीपोटावर घट्ट दाबलेला हात. मी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि पडदा ओढला.

"लघवीला जळजळ होते?"

ती पडद्याकडे बघत हो म्हणाली.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकालचा चहा. मंग घरी गेल्यावर."

"मधे?"

"मधे कशाला पिऊ? पानी पिलं का जावं लागतं."

"मग जायचं."

तिनं इतक्या तापातही माझ्याकडे असं बघितलं जसं मोठं माणूस पोराकडे बघतं. "बिल्ला कोनाकडं असतो, ठावं हाय का तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं. लाइनच्या टोकाला सुपरवायझर बाईंचं टेबल होतं. त्या टेबलाशेजारी खिळ्याला एक पितळी बिल्ला टांगलेला असायचा. चाळीस बायकांत तो एकच. जिच्या हातात बिल्ला तिनं बाहेर जायचं, ती परत आली की पुढचीनं मागायचा. आणि जायचं कुठे, तर प्रेसखात्यामागे जो एकच संडास होता तिथे. तो पुरुषांचाही होता आणि शेजारच्या गाळ्यातली माणसंही तो वापरायची. दाराची कडी तुटलेली. म्हणून बायकांना दोघीदोघींनी जावं लागायचं, एकीनं बाहेरून दार धरायला. पण बिल्ला एक, म्हणजे जाणारी एक. मग कुणीच जात नसे. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत चाळीस बायका पाण्याचा घोट घेत नव्हत्या. बाटल्या आणायच्या, त्या जेवणानंतर हात धुवायला.

तिला औषध देऊन घरी पाठवलं आणि मी स्वतः तो संडास बघायला गेले. जाताना प्रेसवरचे सगळे जण एकदम आपापल्या मशीनकडे फारच लक्ष देऊन बघायला लागले. आत दिवा नव्हता. बादली कोरडी. एका हातानं दार ओढून धरलं आणि तशीच क्षणभर उभी राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेले तीन महिने मंगळवारी आणि शनिवारी मीसुद्धा घरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत पाणी पीत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या बाजूला एकदा नजर गेली होती, तेवढ्यावर माझ्या शरीरानं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. आणि मी डॉक्टर होते.

घरी गेल्यावर जेवताना मी हे सगळं तावातावानं सांगितलं. आई भाजी वाढत होती. तिनं वसईतच एका शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं, नुकतीच निवृत्त झाली होती. ती घरच्या बोलीत जे म्हणाली ते तसंच्या तसं लिहिलं तर आमच्या चार गावांपलीकडे कुणाला कळायचं नाही, पण अर्थ असा होता: "त्यात नवल काय? मी तरी शाळेत पाणी कुठे प्यायले? सुरुवातीची बारा-पंधरा वर्षं शिक्षिकांसाठी जागाच नव्हती. नंतर झाली, पण तोवर सवय मोडली होती."

वडील जेवायचे थांबले. आईला मुतखड्याचा त्रास होता, चांगला जुना. वडिलांनी त्यासाठी आमच्या वाडीतल्या विहिरीला जबाबदार धरलं होतं. पाणी जड आहे म्हणून दोनदा विहीर उपसली होती, तुरटी टाकली होती, एकदा गाळ काढायला माणसं लावली होती. ते आईला म्हणाले, "अगं, मग हे मला सांगायचं ना. मी उगाच त्या विहिरीच्या मागे लागलो."

"तुम्ही विचारलंत कुठे," आई म्हणाली आणि त्यांना आणखी भात वाढला.

पुढच्या मंगळवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा नाही म्हणतील. ते लाजले. कानापर्यंत लाल झाले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही औषध द्या ना त्यांना. चांगलं औषध द्या, महाग असलं तरी चालेल."

"औषध मी देते. पण त्या पुन्हा पाणी पिणार नाहीत आणि पुन्हा आजारी पडतील. तुम्ही पुन्हा औषधाचे पैसे द्याल."

"पाणी टँकरचं आहे, डॉक्टर. आठवड्याला दोन टँकर घेतो. तिसरा कुठून आणू? आणि नवा संडास बांधायला जागा कुठेय? बघू. दिवाळीनंतर बघू."

दिवाळी पाच महिन्यांवर होती. माझे सहा महिने त्याआधीच संपत होते.

सातिवलीत त्या काळी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची, त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद असे. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी वसईतल्या माझ्या दवाखान्यात पेपर वाचत होते, तर दारात सुपरवायझर बाई. इस्त्रीची साडी, हातात पर्स, कपाळावर घाम. रत्नागिरीकडच्या होत्या, नायगावला राहायच्या. कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून तिथे होत्या, आणि त्यांच्या नजरेला सगळी लाइन घाबरायची. मीही जरा बिचकूनच असायचे, कारण त्या बिल्ल्याच्या मालकीण होत्या.

बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "मला तोच त्रास आहे. दोन वर्षं झाली."

"पण बाई, तुम्हाला तर बिल्ला लागत नाही."

"नाही लागत. म्हणूनच जात नाही. चाळीस जणी बघत असतात. मी उठले तर कुठल्या तोंडानं त्यांना थांब म्हणू?" मग म्हणाल्या, "बिल्ल्याची कल्पना माझीच होती. आधी कोण जाणार यावरून भांडणं व्हायची, एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी होत्या. मला वाटलं, बिल्ला केला की शिस्त येईल. शिस्त आली. सगळ्यांनी जायचंच बंद केलं."

मी त्यांना तपासलं, औषध लिहून दिलं, आणि साहेबांशी झालेलं बोलणं सांगितलं. जागा नाही म्हणाले, हे ऐकल्यावर बाई पहिल्यांदाच हसल्या.

"मॅडम, तुम्ही बसता कुठे, माहितीये?"

"कुठे म्हणजे? खोलीत."

"ती खोली बायकांचा संडास होती. सुरुवातीला नकाशात दाखवला होता, बांधलाही होता. टाइल्स बघितल्या नाहीत का तुम्ही? पहिलं वर्षभर आम्ही वापरला. एका पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून खोके तिथे ठेवले. चार दिवसांचा पावसाळा झाला, पावसाळ्याचं वर्ष झालं. मग साहेबांनी भांडं काढून वर सिमेंट ओतलं. आणि मग तुम्ही आलात."

मी हसू की रडू असं झालं. तीन महिने मी बायकांना आणखी काही त्रास आहे का हे विचारत होते, तेही त्यांच्याच संडासात खुर्ची टाकून.

बाई पुढे सरकून बसल्या. "साहेबांना दुखण्याचं सांगू नका. दुखणं म्हटलं की ते औषध म्हणणार, आणि लाजणार. मालाचं सांगा. माझ्याकडे वही आहे. खराब निघालेला माल मी तासातासानं लिहिते. सकाळी जवळजवळ काही नसतं. जेवणानंतर वाढत जातं आणि शेवटच्या दोन तासांत सगळी पेटी भरते. साहेब म्हणतात बायका कंटाळतात. कंटाळत नाहीत हो. तहानेनं डोकं दुखतं, पोट आवळून बसतात. त्यात बारीक स्क्रू कसा दिसणार?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी आजार बघत होते, बाई माल बघत होत्या, आणि दोन्ही एकच होतं.

शनिवारी आम्ही दोघी मिळून साहेबांकडे गेलो. बाईंनी वही पुढे केली. साहेब इंजिनियर, त्यामुळे वही बघताना त्यांची लाज पळून गेली. चष्मा चढवून पानं उलटायला लागले. "हे तुम्ही मला आधी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या. मला आमच्या घरचं जेवण आठवलं.

ठरलं ते असं. एक आठवडा करून बघायचं. फक्त पहिली लाइन, दहा बायका. त्यांच्या टेबलापाशी नळ लावलेला पाण्याचा पिंप. बिल्ला नाही. आणि संडास म्हणून साहेबांच्या केबिनला लागून असलेला त्यांचा स्वतःचा, कारण कडी लागणारा आणि पाणी असणारा कारखान्यात तेवढाच होता. साहेबांनी हो म्हटलं ते केबिनमधून दहा बायकांनी ये-जा करायची म्हणजे काय, याचा विचार न करता म्हटलं. टँकरचा विषय निघाला तेव्हा बाईंनी सुनावलं, "प्रेसवाले संध्याकाळी हातपाय धुतात, साहेब, तेवढ्यात चाळीस बायका आठवडाभर पाणी पितील."

पुढचं मला बाईंकडून कळलं, कारण मधले दिवस मी तिथे नव्हते. शनिवारी दुपारीच सुरुवात झाली, पण पहिल्या दिवशी कुणी गेलंच नाही. रविवारी मिठागरवाली उठली, पदर खोचला, दोन ग्लास पाणी प्यायली आणि साऱ्यांच्या देखत केबिनमध्ये शिरली. साहेब फोनवर एका मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. ती मान खाली घालून आत गेली आणि बाहेर येऊन तिनं मैत्रिणींना सांगितलं, "आत आरसा हाय." झालं. सोमवारी दहाच्या दहा जणी जात होत्या. एक बाहेर येते तोवर दुसरी दारात. आरशासमोर वेण्या नीट व्हायला लागल्या. साहेब गिऱ्हाइकाला भाव सांगतायत आणि मागून चपला वाजतायत, पाणी पडतंय, कुणीतरी आत गुणगुणतंय.

सोमवारी साडेअकराला साहेब स्वतः उठले. पेपर हातात घेऊन आपल्याच संडासाच्या दारापाशी गेले, तर आतून कडी. ते उभे राहिले. आतली बाहेर आली, पण तिच्यामागोमाग आणखी एक "साहेब, जरा" असं म्हणून झटकन आत गेली. साहेब आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग ते पेपर घेऊन प्रेसखात्यामागे गेले. बाई म्हणाल्या, "गेल्या कित्येक वर्षांत ते तिकडे गेले नव्हते, मॅडम. गेले तसे परत आले. पेपर काखेत, तोंड एवढंसं. थेट केबिनमध्ये शिरले. फोन उचलला."

मंगळवारी मी पोचले तर साहेब दारातच. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "डॉक्टर, तुमची खोली रिकामी करावी लागेल. आजच."

सहा महिनेही झाले नव्हते. मी बॅग घट्ट धरली. तेवढ्यात साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या बाई दिसल्या. तोंडाला पदर लावून त्या अशा हसत होत्या की डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं.

"प्लंबर आलाय," साहेब म्हणाले. "तुम्ही तोवर बाहेर टेबल टाकून बसा."

प्लंबरनं सिमेंट फोडलं. खालचा पाइप शाबूत होता. त्या लांबट खोलीत मधे भिंत घालून दोन भाग केले, दोन्हींना कड्या, दोन्हींत दिवा, बाहेर हात धुवायला नळ. टाइल्स होत्याच. मी बाहेर उभी राहून बघत होते आणि माझं औषधांचं कपाट दोघे जण उचलून नेत होते. खर्च किती आला ते साहेबांनी बाईंना सांगितलं आणि बाईंनी मला. तीन महिन्यांत मी वाटलेल्या नारिंगी बाटल्यांपेक्षा तो कमी होता. मी हे कुणाला सांगितलं नाही.

आठवडा संपला त्या गुरुवारी बाईंनी साहेबांसमोर दोन पेट्या ठेवल्या. एक पहिल्या लाइनच्या खराब मालाची, एक दुसऱ्या लाइनच्या. साहेबांनी दोन्हींत हात घालून स्विच वरखाली करून बघितले. "फरक आहे," एवढंच म्हणाले. प्लंबर तर मंगळवारीच आला होता, त्यामुळे निर्णय पेट्यांनी नव्हे, सोमवारच्या पेपरानं झाला, यावर बाईंचं आणि माझं पुढे कित्येक वर्षं एकमत होतं.

उद्घाटनाला बायकांनी दाराशी रांगोळी काढली. नारळ फोडावा की नाही यावर चर्चा झाली, संडासापाशी कसा फोडायचा म्हणून. शेवटी पाण्याच्या पिंपापाशी फोडायचं ठरलं आणि साहेबांनी नारळ बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो असा आपटला की पाणी साहेबांच्या शर्टावर उडालं. सगळी लाइन इतक्या मोठ्यानं हसली की प्रेसवाले मशीन थांबवून बघायला आले.

चमत्कार वगैरे झाला नाही. गणपतीला कोकणातल्या बायका गेल्या त्या गेल्याच. पावसाळ्यात तापाची साथ आली तेव्हा निम्मी टेबलं ओस पडली. पण त्या सलग तीन-तीन फुल्या मात्र कमी झाल्या. पहिल्या महिन्यात थोड्या, मग आणखी. मी नारिंगी बाटल्या बंद करून त्या पैशांत बायकांसाठी रक्त वाढायच्या गोळ्या आणल्या, तशी पुरुषांची रांग ओसरली. गुडघ्यापर्यंत पोचलेलं ते दुखणंही आपोआप बरं झालं. माझं टेबल आता नव्या संडासाच्या वाटेवर, उघड्यावर होतं. पडद्याआड जे कुणी सांगत नव्हतं ते बायका तिथे जाता जाता उभ्या उभ्या सांगायला लागल्या. कुणाचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं, कुणाच्या छातीत गाठ लागत होती, कुणाला तिसरं मूल नको होतं. त्या वर्षी मी कॉलेजात शिकले नव्हते इतकं शिकले.

सहा महिने झाले तेव्हा साहेबांनी खरंच चहा मागवला. "अंदाज बरोबर आला," म्हणाले. "आजारपण कमी झालंय. तर आता दोन दिवसांची गरज नाही, एक दिवस पुरे."

"म्हणजे मी काम नीट केलं म्हणून माझा अर्धा पगार गेला?"

साहेब विचारात पडले. माणूस हिशेबाचा होता, तसा सरळही होता. "हो," ते म्हणाले. "वाईट आहे खरं. पण तसंच आहे." मला राग आला होता, तरी हसू फुटलं. ते म्हणाले, "एक करतो. आमच्या कारखानदारांच्या बैठकीत मी हे सांगतो. प्रत्येकाच्या लाइनवर जागा रिकाम्या असतात."

त्यांनी सांगितलं. शेवटच्या दोन तासांचं सांगितलं, वहीचं सांगितलं, पेट्या नेऊन दाखवल्या. सोमवारचं नाही सांगितलं. त्यानंतर मला सातिवलीतून निरोप यायला लागले. दोन वर्षांत मी पाच कारखान्यांत जात होते. सगळीकडे संडास हेच दुखणं नव्हतं. एका ठिकाणी कापसाची धूळ होती, एका ठिकाणी बसायची स्टुलं इतकी बुटकी की सगळ्यांच्या कमरा गेलेल्या. पण माझी ख्याती व्हायची ती झालीच होती. वसईत आळीतल्या बायकाही म्हणायला लागल्या, "ती आपली संडास बघणारी डॉक्टर." विशेष म्हणजे त्याच वर्षी त्या माझ्याकडे खोकला घेऊन यायला लागल्या.

रबराच्या चपला बनवणाऱ्या एका मालकांनी बोलावलं तेव्हाचं मला चांगलं आठवतं. मी गाळ्यात पाऊल टाकलं तसे ते उठले. बसा नाही, पाणी नाही, थेट मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे बायकांसाठी नवाकोरा संडास होता. निळा रंग, पितळी कुलूप.

"तुम्ही यायच्या आधीच करून ठेवला, डॉक्टर," ते अभिमानानं म्हणाले. "आता बोला."

"फार छान," मी म्हटलं. "किल्ली कुणाकडे असते?"

त्यांनी शर्टाचा खिसा थोपटला. "माझ्याकडे."

मी बॅग खाली ठेवली आणि बसायला खुर्ची मागितली.